अपसामान्य वर्तन : निकष कोणता ?

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)

एखाद्याचे वागणे चारचौघांपेक्षा वेगळे दिसू लागले, की 'त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे' असे म्हणून लोक मोकळे होतात. वाक्य उच्चारायला सोपे. पण ज्याच्यासंबंधी ते उच्चारले जाते, त्याचे पुढचे आयुष्य पुष्कळदा त्या एका वाक्याने ठरून जाते. ठरलेले लग्न मोडते, हातची नोकरी जाते, शेताच्या वाटणीत हिस्सा डावलला जातो. म्हणून कोणत्या वर्तनाला अपसामान्य म्हणावे, हा प्रश्न केवळ महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकातला नव्हे. शाळेत, चावडीवर आणि ग्रामसभेतही तो उभा राहतो.

या प्रश्नाला मानसशास्त्राजवळ एका वाक्याचे उत्तर नाही. अभ्यासकांनी निरनिराळे निकष सुचविले आहेत. त्यांपैकी प्रत्येकात काही तथ्य आहे आणि प्रत्येक निकष एकटा अपुरा आहे.

पहिला निकष सांख्यिकीय होय. जे विरळ ते अपसामान्य, असे तो सांगतो. बुद्धिमापनाच्या प्रचलित कसोट्यांत सरासरी गुणांक १०० धरतात. ७० च्या खाली गुणांक असणारे शंभरात सुमारे दोन आणि १३० च्या वर असणारेही सुमारे दोनच. दोघेही सारखेच विरळ. पण कुशाग्र विद्यार्थ्याला कोणी रोगी म्हणत नाही. उलटपक्षी, जे सर्रास आढळते ते निरोगी असतेच असेही नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांपैकी दहांहून थोड्या अधिकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. संख्या मोठी आहे म्हणून विकाराचा विकारपणा जात नाही.

दुसरा निकष सामाजिक संकेतांचा. समाजाने आखलेल्या चाकोरीबाहेरचे वर्तन ते अपसामान्य, असे येथे मानले जाते. यात सोय आहे, तसा मोठा धोकाही आहे. १८५१ साली अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट नावाच्या वैद्याने, मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रॅपेटोमेनिया' नावाचा रोग जडलेला असतो, असे प्रतिपादन केले. स्वातंत्र्याची ओढ हाच रोग ठरला ! समलिंगी आकर्षणाची गणना मनोविकारांत होत असे. ती अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली रद्द केली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. माणसे बदलली नव्हती, मोजपट्टी बदलली. आपल्याकडे पुण्यात १८४८ साली मुलींना शिकवू लागलेल्या सावित्रीबाई फुले यांचे वर्तन तत्कालीन संकेतांना सोडूनच होते. संकेत मोडणे आणि मन बिघडणे या भिन्न गोष्टी आहेत, हे अशा उदाहरणांवरून स्पष्ट होते.

वर्तनाचा अर्थ संदर्भावाचूनही लागत नाही. पंढरीच्या वाटेवर शेकडो मैल पायी चालणारा, भजनात देहभान हरपून नाचणारा वारकरी कोणाला चमत्कारिक वाटत नाही; कारण त्या वर्तनामागे परंपरा आहे आणि वारी संपताच तो आपल्या शेतीच्या कामाला लागतो.

तिसरा निकष व्यक्तीला होणाऱ्या क्लेशाचा. सततची भीती, निराशा, अपराधीपणाची भावना यांनी माणूस आतून पोखरला जातो आणि बाहेरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. वर्गात कधीही खोडी न काढणारा, म्हणून 'गुणी' ठरलेला विद्यार्थी या अवस्थेत असू शकतो. तथापि क्लेश आहे म्हणजे विकार आहे, असेही नाही. आप्ताच्या मृत्यूनंतर होणारा शोक स्वाभाविकच होय. २०१३ सालच्या अमेरिकन विकार-वर्गीकरणानेही अशा अपेक्षित आणि समाजमान्य प्रतिक्रियेला विकार मानलेले नाही. उलट, उन्मादावस्थेतील माणूस स्वतःला अत्यंत सुखी समजतो आणि त्याच भरात घरदार गहाण टाकून बसतो. त्याला क्लेश नाही, पण विकार आहे.

चौथा निकष कार्यक्षमतेचा, म्हणजेच समायोजनाचा. झोप, आहार, स्वच्छता, कामधंदा, नातीगोती हे नित्याचे व्यवहार त्या व्यक्तीला पेलतात काय, असे हा निकष विचारतो. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा संभव आहे काय, हेही याच संदर्भात पाहिले जाते. मात्र मनोरुग्ण म्हणजे धोकादायक माणूस, ही समजूत चुकीची आहे. बहुसंख्य रुग्ण कोणालाही इजा करीत नाहीत. तेच इतरांच्या अत्याचाराला अधिक बळी पडतात.

या साऱ्यांचा मेळ घालण्याचा एक प्रयत्न जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ साली केला. मनाच्या एखाद्या स्वाभाविक कार्यात बिघाड झालेला असावा आणि त्या बिघाडामुळे व्यक्तीची हानी होत असावी. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच त्यास विकार म्हणावे, असे त्यांचे मत. व्यवहारात तज्ज्ञ आणखी तीन गोष्टी पाहतात : तीव्रता किती, कालावधी किती आणि संदर्भ कोणता. एका रात्रीच्या उदासीनतेला कोणी नैराश्यविकार म्हणत नाही. निदानासाठी लक्षणे किमान दोन आठवडे टिकून असावी लागतात.

निकषांची ही चर्चा कोरडी वाटेल. पण शिक्का चुकीचा बसला किंवा उपचाराऐवजी बंधन वाट्याला आले, तर काय घडते? तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले.

कायद्याने आता या बाबतीत निःसंदिग्ध भूमिका घेतली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार मानसिक आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसारच. व्यक्तीची जात-धर्म, आर्थिक किंवा राजकीय स्थिती, अथवा समाजाच्या नैतिक व धार्मिक कल्पनांशी तिचे न जुळणे, हा आजाराचा पुरावा होऊ शकत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज कोणाला मनोरुग्ण ठरविता येत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

निदान हे तज्ज्ञाचे काम. शिक्षकाचे किंवा सरपंचाचे नव्हे. त्यांचे काम त्याआधीचे, पण तितकेच महत्त्वाचे. व्यक्तीची तुलना शेजाऱ्याशी न करता तिच्याच पूर्वीच्या वागण्याशी करावी. 'वेडा झाला आहे' असे न म्हणता, 'पंधरा दिवस झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही' असे पाहिलेले तेवढेच सांगावे. पहिल्या वाक्याने माणसावर शिक्का बसतो. दुसऱ्याने डॉक्टरांना दिशा मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय यांचा मार्ग दाखवावा. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

वेगळे वागणाऱ्या प्रत्येकाला उपचारांची गरज नसते आणि गरज असलेला प्रत्येक जण वेगळा वागताना दिसतोच असे नाही. हा विवेक गावकारभाऱ्यांनी आणि गुरुजींनी बाळगला, तर गावातील एखादे माणूस साखळीपासून वाचेल आणि एखादे वेळेवर दवाखान्यात पोहोचेल.