डब्यांच्या पेटीतून निघालेला प्रश्न
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



आज कापसाचा भाव थोडा बाजूला ठेवून आपण फुटबॉलचे बोलणार आहोत. हसू नका. गाव आपल्या ओळखीचे आहे, लिव्हरपूल. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडातल्या गाठी मुंबईहून बोटीने याच बंदरात उतरत होत्या. युद्ध संपले आणि भाव कोसळला. आपल्या खापरपणज्यांच्या कापसाचे मोल ज्या बाजारात ठरले, ते हे शहर.

त्या शहरात आज माणसे उपाशी आहेत. इंग्लंडात उपाशी? होय. ट्रसेल नावाच्या एका संस्थेच्या केंद्रांनी २०२३-२४ या वर्षात ब्रिटनभर शिध्याची ३१ लाखांवर पाकिटे वाटली. घेणारे सगळेच बेकार नव्हते. रोज कामावर जाणारी माणसेही त्यात होती. घरभाडे आणि वीजबिल भरले की हाती काही उरत नाही. दिवसभर राबूनही भागत नाही म्हणजे काय, हे इथे बसलेल्या कोणाला समजावून सांगायला नको.

या शहरात दोन क्लब आहेत. लाल लिव्हरपूलचा, निळा एव्हर्टनचा. २०२५ पर्यंत दोघांची मोठी मैदाने एका बागेच्या अल्याड-पल्याड होती. एका घरात एक भाऊ लाल, दुसरा निळा. २०१५ साली दोन्हीकडच्या काही पाठीराख्यांनी ठरवले, सामन्याला येताना प्रत्येकाने खाण्याचा एखादा डबा आणायचा. हे मालकांनी ठरवले नाही, खेळाडूंनीही नाही. तिकीट काढून येणाऱ्या साध्या माणसांनी ठरवले. मैदानाबाहेर चाकाच्या पेट्या घेऊन ते उभे राहिले. भुकेला क्लबचा रंग नसतो, ही त्यांची घोषणा. पुढे गाडी आली, तिला रंग दिला जांभळा. लाल आणि निळा कालवला की जांभळा होतो! आपल्याकडे दोन पक्षांचे कार्यकर्ते एका बैलगाडीत बसत नाहीत.

ही हकिकत ऐकून आमच्यातल्याच काहींनी नाक मुरडले. म्हणाले, ही भीकच झाली, आपण दान मागायला शिकलो नाही. आक्षेप खोटा नाही. गरिबाच्या पोटाचे नाव घेऊन आमच्या बापांच्या खळ्यावरून लेव्हीची ज्वारी नेली गेली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा दर १ रुपया किलो छापला. फरक सरकार सोसणार होते, हे खरे. पण ज्वारी पिकवणाऱ्याने तो आकडा वाचून काय समजायचे? २०२३ पासून तर तो १ रुपयाही गेला, रेशनचे धान्य फुकट झाले.

पण लिव्हरपूलच्या माणसांनी कोणाच्या खळ्यावर हात टाकला नाही. डबा दुकानातून विकत आणला, आपल्या पैशाने. आणि ते पेटीपाशी थांबले नाहीत. दर सामन्याला पेटी भरते, तरी रांग का वाढते, असे ते विचारू लागले. उत्तर पेटीत नव्हते. मजुरी, भाडे आणि सरकारी धोरण यांत होते. त्यांच्यातला एक, इयान बर्न, २०१९ साली खासदार झाला. अन्नाचा हक्क कायद्यात लिहा, ही मागणी त्यांनी लावून धरली. जानेवारी २०२१ मध्ये लिव्हरपूलच्या नगर परिषदेने तिला पाठिंबा दिला.

आता आपले. कापूस वेचून झाला की गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. ढाल द्यायला पुढारी येतात, वर्गणी द्यायला कृषी केंद्रवाले येतात. त्याच गावात एखादी एकटी बाई असते. धनी गेला, सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर, कार्ड अडकलेले. तिच्याकडे कोणी जात नाही.

आम्ही कार्यकारिणीत असे ठरवले आहे. या हंगामात सामन्याच्या दाराशी एक पोते ठेवायचे. ज्याला जमेल त्याने घरची शेरभर ज्वारी टाकावी. शेजारी फळा लावायचा. त्यावर दोनच आकडे, क्विंटलभर ज्वारी पिकवायला आलेला खर्च आणि त्या आठवड्याचा बाजारभाव. पोते कोणाच्या घरी गेले, ते माईकवर सांगायचे नाही. ढाल द्यायला आलेल्या पुढाऱ्याला मात्र फळा वाचून दाखवायला लावायचे, माईकवरच.

ज्या मंडळांना हे करायचे आहे त्यांनी आपली नावे जेवणाच्या सुट्टीत तालुकाप्रमुखांकडे द्यावीत. खर्चाचा हिशेब कसा मांडायचा, तो कागद त्यांच्याजवळ आहे.