स्मरण हाच पुरावा



प्रतिवर्षी या मेळाव्याच्या आरंभी आपण दिवंगतांस श्रद्धांजली वाहतो. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो म्हणजे महादेव कोळी समाजाचे आपल्या पितरांप्रती असलेले कर्तव्य संपले, असे आम्हांस वाटत नाही.

मावळात माणसाचा शोक आणि भूमीचा शोक वेगळा काढता येत नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास सोसला. तथापि गावे पाण्याखाली गेलीच. पुढे पवनेच्या जलाशयात वाघेश्वराचे देऊळ बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते पुन्हा दिसू लागते. आज लोणावळ्याच्या आसमंतात बंगल्यांची कुंपणे वाढत आहेत. ज्या देवराईतील वाळकी काटकीही आपले पूर्वज घरी आणीत नसत, तिची सीमा आता किती तरुणांस दाखविता येईल?

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील सामूहिक हक्क सांगण्याचा मार्ग खुला केला आहे. दाव्यास एकाहून अधिक पुरावे लागतात. परंतु केवळ सरकारी दप्तरच पुरावा ठरते असे नाही. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि दावेदारांखेरीज अन्य वृद्धांचे लेखी निवेदन, हेही नियमांप्रमाणे पुरावेच होत. म्हणजे आपल्या आजोबा-आजींची आठवण कायद्याने ग्राह्य धरली आहे. मात्र ती कागदावर उतरली पाहिजे. एक वृद्ध निवर्तला की एक साक्षीदार गेला!

ओडिशातील डोंगरिया कोंध बांधवांचा नियमगिरी पर्वत हा त्यांचा देव. तेथील खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांपुढे ठेविला, आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. श्रद्धा गावाने एकमुखाने सांगितली, म्हणून ती ऐकली गेली.

आपल्याकडे दहाव्याला सारी भावकी एकत्र येते. कोणती राई कोणत्या देवाची, पाणवठा कोणाचा, जुनी वाट कोठून जात असे, या गोष्टी त्या वेळी सहज निघतात. यापुढे अशा प्रत्येक प्रसंगी गावातील एका शिकलेल्या मुलाने वही घेऊन बसावे. जे सांगितले जाईल ते तारखेनिशी लिहावे, सांगणाऱ्याची सही अथवा अंगठा घ्यावा, आणि ते निवेदन ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यावे. लेकीसुनांनाही विचारावे, रानातील पाणवठे आणि कंदमुळे त्यांच्याइतकी कोणास ठाऊक?

अश्रू सुकतात, शाई टिकते. पितरांच्या नावे पान वाढताना एक पान लिहिलेही जावो, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.