ग्राफीनची मशागत

ग्राफीन तुम्हाला ठाऊक आहे. 2004 साली मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांनी चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचा पापुद्रा सोलला, 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते सांगत बसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की रोग ओळखणारा संवेदक नुसत्या ग्राफीनवर चालत नाही. ग्राफीनची मशागत करावी लागते, आणि तीही बेतानं.

या संवेदकात प्रकाश टाकायचा आणि वीज मोजायची. टाकतो ते एक, मोजतो ते दुसरं. म्हणून गोंगाट कमी होतो आणि रक्तातला अगदी सूक्ष्म अंशही हाती लागतो. पण ग्राफीनचा एक थर जेमतेम 2.3 टक्के प्रकाश शोषतो. प्रकाश पकडायला टायटॅनियम डायऑक्साइड किंवा कॅडमियम सल्फाइड जोडीला घ्यावं लागतं. ग्राफीनचं काम पाटाचं. पाट नसेल तर विहिरीचं पाणी जागीच मुरतं. तसे सुटलेले इलेक्ट्रॉन वाट न मिळाल्यास होलशी, म्हणजे मागे सुटलेल्या रिकाम्या जागेशी, जुळून वाया जातात. ग्राफीन त्यांना इलेक्ट्रोडपर्यंत नेतं.

आता रोगाची खूण पकडणारे प्रतिपिंड बांधायचे कुठे? ऑक्सिजन गट जोडलेल्या ग्राफीनवरच्या, म्हणजे ग्राफीन ऑक्साइडवरच्या, कार्बॉक्सिल गटांना. पण प्रत्येक ऑक्सिजन गट म्हणजे पाटाला फोडलेलं दार. जागोजागी दारं फोडल्यावर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेल का? ग्राफीन ऑक्साइडमधून वीज जवळजवळ वाहतच नाही. म्हणून क्षपण करून बरेच गट काढायचे, थोडे राखायचे. सगळेच काढले, तर प्रतिपिंडांना आधार नाही आणि थर एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. ग्राफीन जास्त झालं तर तेच प्रकाश अडवतं. म्हणून पुन्हा सांगतो, बेतानं!

तरुण मित्रांनो, तुमच्यावर थोडा रागही आहे. नवनवे पदार्थ जोडता, उघड्या राहिलेल्या जागेकडे बघत नाही. प्रतिपिंडाला रोगाची खूण चिकटली, की होल भरायला द्रावणात घातलेल्या ॲस्कॉर्बिक आम्लाची वाट अडते आणि प्रवाह घटतो. यावरच निदान. पण मोकळ्या जागेवर दुसरंच प्रथिन बसलं तरी प्रवाह घटतोच! निरोगी माणसाला रोगी ठरवाल. ती जागा गाईच्या अल्ब्युमिननं आधी झाका, आणि स्वच्छ बफरवर समाधान न मानता माणसाच्या सीरममध्ये तपासा.

नायट्रोजन मिसळलेल्या ग्राफीनबद्दल बोलायचं होतं, तिथं तर हा बेत आणखीच... पण वेळ संपल्याची खूण झाली.