आतील भिंत आणि स्लॅबवरील भार



मोठ्या खोलीचे दोन भाग करावयाचे झाल्यास काँक्रीटच्या स्लॅबवर साडेचार इंची विटांची भिंत उभारण्याची पद्धत देशभर रूढ आहे. ही भिंत छताचा भार पेलत नाही. मात्र तिचा स्वतःचा भार स्लॅबला पेलावा लागतो. तीन मीटर उंचीच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या अशा भिंतीचे वजन लांबीच्या प्रत्येक मीटरला सुमारे ८०० किलो भरते. १९८७च्या भारतीय मानक ८७५ मध्ये, हलक्या आतील भिंतींच्या जागा आधी निश्चित नसल्यास, त्यांच्या दर मीटर लांबीच्या वजनाचा किमान एक तृतीयांश भार दर चौरस मीटरला अधिक धरण्याची तरतूद करण्यात आली.

जुन्या इमारतीत ही तरतूद झाली आहे काय, याची अभियंत्याकडून खातरजमा करूनच काम हाती घ्यावे. हलक्या एएसी ब्लॉकचा पर्याय वजन बरेच घटवतो. स्लॅबला टाचे मारून तो धुवावा, विटा भिजवून घ्याव्यात, एका दिवसात एक मीटरहून अधिक उंची चढवू नये. भूकंपाचे बल इमारतीच्या वजनाबरोबर वाढते. सबब, अनावश्यक भार टाळणे हीच सुरक्षिततेची पहिली पायरी होय.