इंग्रजीतला भूतकाळ

कणकुंबीला आलेला पाहुणा परतल्यावर सांगतो, 'मी माउलीचं देऊळ पाहिलं, मलप्रभा पाहिली.' मराठीत अशा वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. इंग्रजीत देऊळ असो वा नदी, 'आय सॉ' एवढंच. मुलांना हे आधी सांगावं, त्यांची निम्मी भीती जाते.

खरी अडचण नकारात येते. 'आय डिड नॉट वेंट' हे वाक्य वहीत हमखास सापडतं. 'डिड'नं भूतकाळ आधीच दाखवला, म्हणून पुढे मूळ रूपच हवं: 'आय डिड नॉट गो'. प्रश्नातही तसंच, 'डिड यू गो?'

दुसरी चूक आपल्या बोलण्यातून येते. 'काल बेळगावला गेलो होतो' हे आपण सहज म्हणतो आणि मुलं 'हॅड गॉन' लिहितात. तिथे 'आय वेंट टू बेळगाव यस्टरडे' पुरेसं आहे. 'हॅड' लागतं ते दोन घटनांतली आधीची सांगायला: मी थांब्यावर पोचलो, तोवर खानापूरची बस निघून गेली होती, 'द बस हॅड लेफ्ट'.

'गो'चं 'वेंट' कसं, असं मुलं विचारतात. त्यांना विचारा, 'जा'चं 'गेला' कसं झालं?