चित्रातलं घर आणि आपल्या गावचं ऊन

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



बेळगावच्या झेंडा चौकात १९०५ साली लोकमान्यांच्या प्रेरणेनं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून आपल्या भागात आरतीइतकंच व्याख्यानालाही महत्त्व आहे. ती रीत मंडळानं पाळली आणि सरकारी खात्यात नकाशे-मोजमापं करणाऱ्या आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना बोलायला उभं केलं, त्याबद्दल आभार.

विषय आहे थ्रीडी एलिव्हेशनचा. म्हणजे घर बांधण्याआधी संगणकावर तयार होणारं त्याचं बाहेरचं चित्र. निपाणीत असो वा बेळगावात, नवीन प्लॉट पडले की आधी हे चित्र फ्लेक्सवर लागतं आणि मग पाया खणला जातो. माणूस आयुष्यभराचा प्रॉव्हिडंट फंड या एका चित्रावर भरवसा ठेवून लावतो. म्हणून ते देखणं असून भागत नाही, ते खरं वाटायला हवं आणि खरं असायलाही हवं. आमच्या मते या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

ही कला आपल्याला नवी नाही. थोर चित्रकार रवी परांजपे १९३५ साली बेळगावातच जन्मले. के. बी. कुलकर्णी सरांकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात आणि काही काळ नैरोबीत त्यांनी काम केलं आणि न बांधलेल्या इमारती हातानं रंगवून दाखवण्याच्या कामातही नाव मिळवलं. २०२२ साली ते गेले. ‘ब्रश मायलेज’ हे त्यांचं आत्मकथन तरुणांनी जरूर वाचावं. हातानं रंगवणाऱ्याला ब्रश टेकवण्याआधीच ठरवावं लागतं, की ऊन कुठून येणार आणि सावली कुठं पडणार. आज यंत्र ते ठरवतं आणि घोळ तिथंच होतो.

आम्ही डिप्लोमाला होतो तेव्हा ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर लावून सावल्या काढायचो. सावली पंचेचाळीस अंशांत, हा नियम. तो फक्त खोली कळावी म्हणून होता, खऱ्या उन्हाशी त्याचा संबंध नव्हता. आता संगणकाला गाव, तारीख आणि वेळ सांगितली की तो खरी सावली काढून देतो. पण सांगायला तर हवं! स्केचअपच्या अनेक आवृत्त्यांत तुम्ही ठिकाण बदललं नाही, तर सूर्य अमेरिकेतल्या बोल्डर शहराचा धरला जातो. बोल्डर ४० अंश उत्तरेला, बेळगाव सुमारे १५.८५ अंशांवर.

यानं काय फरक पडतो? डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंश वर असतो, बोल्डरला साडेसव्वीस. दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटी छज्जा असेल तर आपल्याकडे त्याची सावली सुमारे अडीच फूट उतरते. बोल्डरच्या उन्हात तीच एक फूट. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा तर आपल्याकडे ती सात फुटांवर जाते, म्हणजे जवळपास अख्खी खिडकी झाकते. आणि मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपासपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला कलतो. त्यामुळं ‘उत्तरेला ऊन येतच नाही’ हे म्हणणं आपल्या गावाला लागू नाही. आपल्या डोळ्याला हे ऊन लहानपणापासून ठाऊक आहे. चित्रात परकं ऊन पडलं की कारण सांगता येत नाही, पण कुठंतरी खटकतं.

दुसरी गोष्ट मापाची. नऊ इंची विटेच्या भिंतीत दर्जांसकट चार थरांना साधारण एक फूट होतो. म्हणजे दहा फूट उंचीत चाळीस थर. चित्रात वीट दिसत असेल तर थर मोजा. वीस भरले तर प्रत्येक वीट दुप्पट झाली आणि घर खेळण्यासारखं दिसू लागलं. चिऱ्याचंही तसंच. एकाच चिऱ्याचा फोटो शंभर वेळा चिकटवला की नजरेला ते लगेच कळतं. खानापूरकडच्या जांभ्यात दोन चिरे सारखे नसतात. एखादा पिवळसर, एखादा काळपट, भोकं निराळी. दहा-बारा वेगवेगळे फोटो घेऊन ते मिसळावेत. ते फोटो मोबाइलवर, ढगाळ दिवशी, समोरून काढावेत, म्हणजे त्यात आधीची सावली येत नाही.

तिसरी गोष्ट कडांची. जगात सुरीसारखी धारदार कड कुठल्याच भिंतीला नसते. गवंडी थापीनं कोपरा किंचित मारतोच. मॉडेलमध्ये कोपऱ्याला तीन-चार मिलिमीटरची गोलाई दिली की तिथं उजेडाची बारीक रेघ उमटते आणि भिंत सिमेंटची वाटू लागते. पांढरा रंगही पूर्ण पांढरा देऊ नये. ताजा पांढरा रंगसुद्धा पडलेल्या उजेडाचा काही भाग गिळतोच. तो ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवला तर छज्जाखालच्या छटा दिसतात, नाहीतर सगळं कागदासारखं सपाट होतं.

चौथी गोष्ट, बघणारा कुठं उभा आहे? वीस फुटी रस्त्यावरचं तीन मजली घर चित्रात सरळ, पूर्ण, ऐसपैस दिसतं. असं दिसायला बघणाऱ्यानं समोरच्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहायला हवं! कॅमेरा रस्त्यावर, जमिनीपासून पाच-सव्वापाच फुटांवर ठेवावा. मग चित्रात थोडी मान वर करावी लागेल, विजेचा खांब मध्ये येईल, शेजारची भिंत दिसेल. येऊ दे. घर तिथंच उभं राहणार आहे. झाडंही आपली दाखवावीत. निपाणीच्या प्लॉटवर परदेशी लालभडक पानांची झाडं कशाला? नारळ, आंबा, कडुलिंब, कंपाउंडला जास्वंद पुरे. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि सोलर हीटर लपवला, तर तो पुढं कुठं बसणार हेच कुणी ठरवत नाही आणि शेवटी तो दर्शनी भागावर येऊन बसतो.

पाचवी आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत मोठी गोष्ट पावसाची. आपला जिल्हा एक, पण खानापूरचा पाऊस निराळा, निपाणीचा निराळा आणि अथणीकडे तर पावसाची वाटच बघायची. खानापूर-बेळगावची माती तांबडी, निपाणी-चिकोडीकडची काळी. जुलैत जोत्याजवळ फूट-दीड फूट उंचीपर्यंत त्याच मातीचे शिंतोडे उडतात. पॅरापेटवरून ओघळलेल्या पाण्यानं काळे पट्टे पडतात. चित्रात या खुणा हलक्या हातानं दाखवल्या तर ते जिवंत होतंच, शिवाय घरमालक विचारतो, ‘हे पट्टे कशाचे?’ तो प्रश्न पडावा, हेच आम्हाला हवं. मग छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवली जाते, जोत्याला धुता येईल असा दगड येतो, पॅरापेटच्या माथ्याचा उतार आत गच्चीकडे दिला जातो. कागदावर हे काम फुकटात होतं. बांधून झाल्यावर त्याला परांची लागते.

आपल्या उपनगरांत पश्चिमेला भल्यामोठ्या काचा लावलेली घरं आता बरीच दिसतात. चित्रात त्या काचांत निळं आकाश असतं. प्रत्यक्षात चार वाजता पडदे ओढले जातात आणि ते दिवसभर तसेच राहतात. संध्याकाळी चार वाजताचं एप्रिलमधलं चित्र कुणी मागितलं असतं, तर ती काच तिथं आलीच नसती.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ असं आहे, की जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत करायचे. म्हणून माहितीपत्रक, त्यातल्या चित्रासकट, रद्दीत टाकू नका. पावत्यांसोबत फाइलला लावा.

आपल्या घराघरांतली मुलं-मुली आज संगणकावर हे काम करतात, कुणी पुण्यात, कुणी बेंगळूरला. त्यांना आमचं एवढंच सांगणं. लुमियन, व्ही-रे शिकाच, पण एक दिवस वही घेऊन आपल्या गल्लीत उभे राहा. सकाळी नऊला, दुपारी साडेबाराला, संध्याकाळी पाचला एकाच भिंतीची सावली मोजा. आणि ज्यांना घर बांधायचं आहे त्यांनी चित्र हातात आलं की चार प्रश्न विचारावेत. हे ऊन कुठल्या गावचं? कुठल्या महिन्यातलं, किती वाजताचं? बघणारा कुठं उभा आहे? आणि हेच घर ऑगस्टच्या पावसात कसं दिसेल? उत्तरं मिळाली तर चित्र खरं. नाही मिळाली तर अॅडव्हान्स देण्याआधी पुन्हा काढून मागावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पैसे आपले आहेत.

ज्यांचं ज्यांचं घराचं काम ठरलंय, ते बाप्पाच्या कृपेनं नीट तडीस जावो. गणपती बाप्पा मोरया!