साहित्यसंस्था चालवणारी माणसं
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसावर विषय सोडणं धोक्याचं असतं, तो व्याजदरावर बोलू लागतो. मी तसं करणार नाही. गेली काही वर्षं मी गावातल्या एका लहानशा साहित्य मंडळाचा खजिनदार आहे. त्या निमित्ताने अशा संस्था चालवणारी माणसं जवळून बघायला मिळाली. त्यांच्याबद्दल बोलतो.

आपण ठाणेकर. आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासमोरून आपण शेकडो वेळा गेलो असू. केवळ मराठी पुस्तकांसाठी निघालेली ही संस्था १८९३ सालची. काढणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा नुकतेच विशी ओलांडलेले होते. त्यांचा व्यवसाय मिठाचा. पुढे याच गृहस्थांनी 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. मिठाचा धंदा आणि जुन्या पोथ्या! गिरगावात केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ आहे, १९३५ सालचा. तो उभा करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते अ. ना. भालेराव पेशाने डॉक्टर. तिथल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. आणखी मागे जायचं तर १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांना पहिल्यांदा एकत्र बोलावलं ते न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी. दोघेही न्यायखात्यातले. म्हणजे लिहिणाऱ्यांसाठी घर बांधणारे हे लोक पोटापाण्यासाठी भलतंच काहीतरी करत होते. मला हे फार आवडतं. माझ्यासारख्या लेजरवाल्यालाही त्यात कोपऱ्यात जागा मिळते.

पण ही झाली मोठी नावं. मला सांगायचंय ते आमच्या कार्यवाहांबद्दल. आम्ही त्यांना सर म्हणायचो, शाळेत मराठी शिकवायचे. त्यांना नाव छापलेलं आवडायचं नाही, म्हणून इथेही घेत नाही.

आमची पहिली भेट १९८९ सालची, काउंटरच्या दोन बाजूंना. मंडळाच्या खात्यावरच्या सह्या बदलायच्या होत्या. सर ठरावाची प्रत घेऊन आले. मी म्हटलं, यावर अध्यक्षांची सही नाही. चार दिवसांनी आले, तेव्हा शिक्का नव्हता. तिसऱ्यांदा मी त्यांना धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीचा उतारा आणायला सांगितला. हे तिन्ही मी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देऊ शकलो असतो. दिलं नाही. का दिलं नाही, तर मागे रांग होती आणि मी ऑफिसर होतो. चौथ्या खेपेला सगळं बरोबर आणलं आणि जाताना हातात एक पोस्टकार्ड ठेवलं, कविसंमेलनाचं निमंत्रण. मी गेलो नाही.

निवृत्तीनंतर घरात बसून कंटाळलो तेव्हा एका शनिवारी गेलो. सर दारातच खुर्च्या मांडत होते. मला बघून म्हणाले, "या साहेब! आमचा ठराव तुम्हीच तर नीट करून घेतला होता." टोमणा होता की कौतुक, मला आजवर कळलेलं नाही. वर्षभरात मी खजिनदार झालो.

बाहेरून दिसतो तो पाहुणा, शाल, श्रीफळ, माइक. आतून काय असतं? हॉलचं भाडं, पाहुण्यांची रिक्षा, चहा. ऑडिट. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असली की विश्वस्त मंडळात बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत फेरफार अर्ज करावा लागतो. तो राहिला की कागदावर जुनीच माणसं कारभारी राहतात, त्यातली एक-दोन स्वर्गवासीसुद्धा. कवीला वेळेवर थांबवणं हेही एक कामच आहे. ते सर फार प्रेमाने करायचे, पाण्याचा ग्लास पुढे नेऊन ठेवायचे. आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असताना पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून मागच्या दोन रांगा आधीच उचलून ठेवणं, हेही त्यांचंच.

हिशेब तपासायला घेतले तेव्हा मला एक गोष्ट खटकली. दर मार्चअखेर "एक हितचिंतक" या नावाने देणगी जमा. एका वर्षी १,३४० रुपये, दुसऱ्या वर्षी २,११५. देणगी देणारा माणूस पाचशे देतो, हजार देतो. दोन हजार एकशे पंधरा कोण देतं? बेरीज करून पाहिली. त्या वर्षीची तूट तेवढीच होती, पैशाला पैसा. पावतीपुस्तकावर अक्षर सरांचं.

मी विचारलं. ते म्हणाले, "ताळेबंद जुळतो ना?" मी म्हटलं, जुळतो, पण नाव हवं. ते म्हणाले, "नाव कळलं तर लोक फुकट चहा प्यायला लाजतील. मग येणारच नाहीत."

मी गप्प बसायला हवं होतं, असं आज वाटतं. पण तेव्हा वाटलं नाही. मला वाटलं, सभासदांना तुटीची कल्पना हवी, वर्गणी वाढवायला हवी. एका पेन्शनरच्या खिशावर संस्था किती दिवस चालणार? वार्षिक सभेत हिशेब वाचताना मी नाव घेऊन सांगितलं. टाळ्या पडल्या. सर मान खाली घालून बसले. पुढच्या दोन कार्यक्रमांना आले नाहीत. तिसऱ्याला आले, खुर्च्या मांडल्या, माझ्याशी नेहमीसारखं बोलले, पण हिशेबाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. वर्गणी मात्र त्या सभेत वाढली आणि त्यानंतर तूट आली नाही. म्हणजे खजिनदार म्हणून माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ते मी त्यांना आधी विचारून करायला हवं होतं, चारचौघांत नव्हे.

२०१६ साली सर गेले. फेरफार अर्जात त्यांचं नाव कमी करण्याचा रकाना मीच भरला. नंतर सह्या बदलायला बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने कागद पाहिले आणि म्हणाली, "काका, यावर शिक्का नाहीये." मी काही बोललो नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा उतारा नव्हता. पण तिने उरलेल्या सगळ्या कागदांची यादी एका चिठ्ठीवर लिहून दिली. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

आपली सोसायटी पंचवीस वर्षं चालली तीसुद्धा अशाच माणसांवर. पाण्याची टाकी भरली का ते रात्री बघायला जाणारे कोण, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ते इथे दुसऱ्या रांगेत बसलेत आणि आता माझ्याकडे रागाने बघतायत, म्हणून त्यांचंही नाव घेत नाही. एवढं मी शिकलो.

आता माझी अडचण सांगतो. माझ्या उजव्या डोळ्याला बारीक आकडे दिसत नाहीत. मार्चनंतर मंडळाला खजिनदार हवा आहे. कविता कळायला हवी अशी अट नाही, मलाही निम्म्या कळत नाहीत. हिशेब संगणकावर करता आला तर उत्तमच, माझी वही सोबत आणली आहे, कार्यक्रमानंतर कुणीही चाळावी. कार्यक्रम दुसऱ्या शनिवारी सहाला असतो. खुर्च्या आम्ही साडेपाचला मांडायला घेतो. सध्या दोघंच असतो.